रविवारी रात्री फोन कोण उचलणार?

«डॉक्टरताई, मी ४७ वर्षांची, नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दीड वर्षात चालणं आणि खाणं सांभाळून १४ किलो वजन उतरवलं. बीपी सुधारलं, गुडघे दुखायचे थांबले, पण चेहरा उतरला. डोळ्यांखाली खड्डे पडलेत, गाल बसलेत. वर्गात मुलं विचारतात, ‘मॅडम, बरं नाही का?’ तुळशीचं लग्न झालं की थोरलीचं लग्न आहे, म्हणजे हातात अडीच महिने. आमच्या पार्लरमध्ये येत्या एका रविवारी मुंबईचे कॉस्मेटोलॉजिस्ट येणार आहेत, फिलरचा कॅम्प आहे. एक एमएल ९,९९९ रुपयांत, आणि दोघींनी मिळून एक सिरिंज घेतली तर आणखी स्वस्त. आमच्याकडे म्हणतात, या वयात ही थेरं कशाला. करू की नको? आणि करायचंच तर डॉक्टर कसा ओळखायचा?
— एक वाचक, नाशिक»

नमस्कार.

कॅम्पला जाऊ नका, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. फिलर, म्हणजे चेहऱ्यात सुईने टोचून भरायचं जेल, घ्यावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ‘नको’च आहे असं मुळीच नाही.

‘या वयात थेरं’ हा शेरा बाजूला ठेवू. मुलीच्या लग्नात आईने पैठणी घ्यावी, केस रंगवावेत, दात पॉलिश करून घ्यावेत, याला कोणी थेरं म्हणत नाही. सुई आली की मात्र सगळ्यांना एकदम वैराग्य आठवतं. चेहरा तुमचा आहे आणि पगारही तुमचा. तरीही यजमानांपासून लपवून करू नका. त्याचं कारण परवानगीशी संबंधित नाही, ते पुढे येईलच.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, हे नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. मी फॅमिली डॉक्टर. फिलर टोचणाऱ्यांची नाही, टोचून झाल्यावर ‘ताई, हे असं का झालंय हो?’ म्हणत दवाखान्यात येणाऱ्यांची बाजू मी जास्त पाहिली आहे. त्यामुळे माझा चष्मा जरा काळजीवाला आहे, हे धरून वाचा.

आता तुमचा चेहरा. वजन उतरतं तेव्हा पोट आधी आणि गाल नंतर, असा क्रम शरीर पाळत नाही. चेहऱ्याच्या कातडीखाली चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या असतात, गालाच्या हाडावर आणि डोळ्यांखाली. चाळिशीनंतर त्या तशाही झिजायला लागतात, त्यात तुम्ही १४ किलो उतरवले. म्हणजे तुमच्या चेहऱ्यावरून खरोखरच काहीतरी गेलेलं आहे. फिलर या कामासाठीच आहे: जिथे भराव गेला तिथे भराव घालणं. या अर्थाने तुमची केस पंचविशीतल्या, ओठ फुगवून घेणाऱ्या मुलीपेक्षा जास्त रास्त आहे. फक्त वजन आता काही महिने एका जागी थांबलेलं हवं. अजून उतरतच असेल तर आज केलेलं माप उद्या चुकेल.

पण डोळ्यांखाली जे दिसतंय ते खड्डेच आहेत का? आपल्याकडे डोळ्यांखालचा काळेपणा बऱ्याचदा त्वचेतल्या रंगाचा असतो. आनुवंशिक, किंवा ॲलर्जीने वर्षानुवर्षं डोळे चोळल्यामुळे आलेला. कधी तिथली कातडी इतकी पातळ असते की खालच्या रक्तवाहिन्या निळसर दिसतात. आणि कधी तो खरोखर खळगा असतो आणि काळेपणा म्हणजे त्याची सावली. फिलर फक्त या तिसऱ्यावर चालतं. रंगावर ते टोचलं तर काळेपणा तसाच राहतो आणि वर सूज येते. घरी एक साधी परीक्षा करून बघा. आरशासमोर उभं राहा, डोक्यावरचा दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी समोरून, चेहऱ्याच्या उंचीवर धरा. डोळे मिटून घ्या आणि एक फोटो लेकीला काढायला सांगा. काळेपणा बराच कमी झाला तर ती सावली होती. तसाच राहिला तर तो रंग आहे आणि त्याचे उपाय वेगळे आहेत: सनस्क्रीन, डॉक्टरने दिलेली क्रीम, ॲलर्जीवर औषध, आणि भरपूर धीर. अनेकींमध्ये दोन्ही थोडं थोडं असतं. ही परीक्षा निदान नव्हे. पण ‘काळी वर्तुळं? फिलर घ्या’ असं तुमच्याकडे धड न बघता कोणी म्हणालं, तर तुम्हाला कळेल की त्याने हा साधा फरकही तपासलेला नाही.

आणखी एक. मुलांचा प्रश्न जरा शब्दशः घ्या. मॅडम, बरं नाही का? ४७ म्हणजे पाळी जायच्या आधीचा काळ, अनेकींना याच वर्षांत अंगावरून खूप जातं. वर तुम्ही जेवण कमी केलंय. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड, या तीन तपासण्या शेवटच्या कधी केल्या होत्या? हिमोग्लोबिन ९ असलेला चेहरा फिलरने भरतो, पण ताजातवाना होत नाही. हे आधी करा. एखाद-दीड हजाराचं काम आहे, आणि कदाचित तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आता सिरिंजमध्ये काय असतं ते. आजकाल सर्वांत जास्त वापरलं जाणारं फिलर हे हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल असतं. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. कंपन्या त्याचे धागे एकमेकांना बांधून तो घट्ट करतात, म्हणून तो काही दिवसांत विरघळून न जाता साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. काही ठिकाणी त्याहून जास्तही. ज्युव्हेडर्म, रेस्टिलेन ही नावं तुम्ही ऐकली असतील. बोटॉक्स हे यापेक्षा वेगळं प्रकरण आहे. ते स्नायू शिथिल करतं, भरत काही नाही, आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. पार्लरच्या पाट्यांवर दोन्ही एका ओळीत लिहिलेली असतात म्हणून सांगितलं.

आणि एक एमएल म्हणजे किती? चहाच्या चमच्यात पाच एमएल मावतं, म्हणजे चमच्याचा पाचवा हिस्सा. तो दोन डोळ्यांखाली आणि दोन गालांत वाटायचा. तुमच्यासारख्या, वजन उतरलेल्या चेहऱ्याला एवढ्यात फारसा फरक दिसत नाही. बऱ्याचदा दोन, तीन सिरिंज लागतात. ९,९९९ हा आकडा तुम्हाला दारात आणण्यापुरता आहे, खुर्चीत बसल्यावर तो वाढतो. चांगल्या क्लिनिकमध्ये मान्यताप्राप्त कंपनीची एक सिरिंज साधारण १५ ते ४० हजारांच्या दरम्यान पडते, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि आरोग्य विम्यातून एक रुपया मिळत नाही. एवढा खर्च नको वाटला तर नको म्हणा, त्यात काहीही वावगं नाही. स्वस्तातलं शोधू नका, एवढंच.

‘दोघी मिळून एक सिरिंज’ हे वाक्य वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. ताई, एका माणसाच्या अंगात गेलेली सिरिंज दुसऱ्याच्या अंगात जात नाही. सुई बदलली तरी नाही. टोचताना दाब सुटला की रक्ताचा अंश उलटा सिरिंजमध्ये येऊ शकतो, तो डोळ्यांना दिसतोच असं नाही. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही या तिन्हींना तेवढं पुरतं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर सुयांचे उपचार घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाल्याचं २०१८ पासून उघडकीला येत गेलं. तिथे एकदाच वापरायचं साहित्य पुन्हा वापरलं जात होतं. त्या बायकांनी फक्त चेहरा उजळावा म्हणून पैसे दिले होते. तेव्हा तुमची जोडीदारीण कितीही जवळची असली तरी सिरिंज वाटून घ्यायची नाही. उरलेलं फिलर ‘टचअपसाठी फ्रिजमध्ये ठेवतो’ म्हणणाऱ्या क्लिनिकलाही तोच नियम.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे मी पहिल्याच ओळीत कॅम्प नको म्हटलं.

फिलर टोचल्यावर सूज येते, ती दोन-तीन दिवसांत उतरते. निळंजांभळं होतं, ते आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. कधी गाठ लागते. डोळ्यांखाली कातडीच्या फार वरच्या थरात टोचलं तर जेलची निळसर छटा कातडीतून दिसते. हे सगळं निभावतं. ज्याची मला भीती वाटते ती गोष्ट दुर्मीळ आहे, पण ती झाली की हातात वेळ नसतो. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं, किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. कातडी पांढरी पडते, मग जांभळी जाळी दिसायला लागते, आणि उपाय झाला नाही तर तेवढा भाग मरतो, काळा पडतो, व्रण राहतो. नाकावरच्या आणि दोन भुवयांमधल्या रक्तवाहिन्या आतून डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात. तिथे दाबाने टोचलेलं जेल उलटं मागे जाऊन दृष्टिपटलाचं रक्त बंद करू शकतं. दृष्टिपटल रक्ताविना साधारण दीड तासाच्या आसपासच तग धरतं. त्यानंतर गेलेली नजर बहुधा परत येत नाही. म्हणून नाक आणि भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची मानतात. डोळ्यांखालची जागाही काही सोपी नाही, तिथे अनुभवी हातच हवा.

हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरचा मोठा गुण असा की त्याला उतारा आहे. हायल्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की ते जेल विरघळतं. हे काही परदेशातलं दुर्मीळ औषध नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भूल नीट पसरावी म्हणून डोळ्यांचे डॉक्टर ते कित्येक वर्षं वापरत आले आहेत. आपल्याकडे ते १५०० युनिटच्या छोट्या कुपीत मिळतं. रक्तवाहिनी बंद पडली तर ते मोठ्या मात्रेत, पुन्हा पुन्हा, तासातासाने द्यावं लागतं. एका कुपीवर भागेलच असं नाही.

आणि रक्तवाहिनी बंद पडल्याची लक्षणं दरवेळी खुर्चीवरच दिसत नाहीत. कधी काही तासांनी दिसतात. म्हणजे हिशोब असा: रविवारी दुपारी कॅम्पमध्ये टोचून घेतलं. चार वाजता डॉक्टरसाहेबांनी पेटी आवरली आणि संध्याकाळची गाडी पकडून ते मुंबईला गेले. रात्री नऊला तुमच्या गालात कळ यायला लागली, बर्फाने थांबेना, आणि आरशात गालावर जांभळट नक्षी दिसली. फोन कोणाला करणार? पार्लरवाल्या ताईंना? त्या बिचाऱ्या म्हणतील, सूज आहे, उद्या उतरेल. डॉक्टरांनी फोन उचलला तरी ते म्हणतील, फोटो पाठवा. एन्झाइम काही व्हॉट्सॲपवरून टोचता येत नाही.

कॅम्पमधलं फिलर स्वस्त का पडतं, याचं उत्तर इथे आहे. त्यात रविवारची रात्र धरलेली नसते.

म्हणून डॉक्टर निवडताना माझी पहिली कसोटी ही: हा माणूस माझ्या गावात राहतो का, आणि रात्री नऊ वाजता मला अर्ध्या तासात बघू शकेल का. तुमचं नाशिक काही आडगाव नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोड भागातच पदव्युत्तर शिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन तुम्हाला सापडतील. मुंबईचा शिक्का हवा असेल तर तुम्ही मुंबईला जा आणि एक रात्र बहिणीकडे राहा. उलटं नको.

दुसरी कसोटी पदवीची. ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ ही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता असलेली पदव्युत्तर पदवी नाही. तो शब्द कोणीही पाटीवर लिहितं. तुम्ही शोधायचं ते असं: त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका, नाहीतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. पाटीवर नावापुढे सात-आठ अक्षरगट असतील तर त्यातली विद्यापीठाची पदवी कोणती आणि शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचं प्रमाणपत्र कोणतं, हे सरळ विचारा. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून सौंदर्योपचार सुरू करणं म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं खुद्द राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणासंबंधीच्या सूचनांत लिहिलं आहे. ते लिहावं लागलं, यावरून बाजारात काय चाललं असेल ते समजा.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असायलाच हवा, हा नियम २००२ पासूनचा आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकावरून नाव पडताळता येतं. नोंदणी चालू आहे का आणि तिथे कोणती पदवी नोंदलेली आहे, हे बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आपण घर घेताना सातबारा बघतो, इथे तर चेहरा द्यायचा आहे.

‘माझे दाताचे डॉक्टरही फिलर देतात, मग?’ असं तुम्ही विचारलेलं नाही, पण दर वेळी कोणीतरी विचारतंच. तोंड आणि जबड्याच्या सर्जनना चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या उत्तम ठाऊक असतात, हे खरं. पण कोणी काय करावं यावर व्यवसायांमध्येच वाद आहेत, आणि तुम्ही त्या वादात उडी घेण्याचं कारण नाही. तुमच्या शहरात त्वचारोगतज्ज्ञ आहेत. तिकडे जा.

पदवी झाली की मग माणूस. पहिल्या भेटीला स्वतंत्र फी घेणारा डॉक्टर मला आवडतो, कारण त्याला तुम्हाला काही विकायची घाई नसते. तो तुमच्याशी स्वतः बोलतो, की ‘काउन्सेलर’ म्हणून बसवलेली मुलगी पॅकेज समजावते? तुमच्या जुन्या आजारांबद्दल, गोळ्यांबद्दल विचारतो का? चेहरा बसवून, उभं करून, हसवून बघतो का? तुम्ही डोळ्यांखालचं दाखवलं आणि तो म्हणाला, ‘इथे नको, आधी गालाला आधार देऊ, डोळ्यांखालचं आपोआप कमी दिसेल,’ तर तो विचार करणारा आहे. ‘तुम्हाला याची गरज नाही’ म्हणाला तर त्याचा पत्ता मलाही कळवा. आणि तुम्ही डोळ्यांसाठी गेलात पण त्याने तुमचं नाक, ओठ, हनुवटी यांची न मागितलेली यादी काढली, तर पर्स उचला.

आधीचे-नंतरचे फोटो दाखवतील. त्यात प्रकाश बघा. आधीचा फोटो वरच्या दिव्याखाली, मान खाली, गंभीर चेहऱ्याने. नंतरचा समोरच्या उजेडात, हनुवटी वर, हसऱ्या चेहऱ्याने, मेकअपसह. टॉर्चची परीक्षा तुम्ही केलेली असेल, त्यामुळे ही चलाखी तुम्हाला लगेच दिसेल. तुमच्या वयाच्या, तुमच्या रंगाच्या बायकांचे, टोचल्यानंतर निदान दोन आठवड्यांनी काढलेले फोटो मागा. लगेचचा फोटो सुजेचा असतो, आणि सूज सगळ्यांना तरुण करते.

मग तो एक प्रश्न विचारा, ज्यासाठी मी एवढं लिहिलं: ‘डॉक्टर, रक्तवाहिनी बंद पडली तर तुम्ही काय करता? हायल्युरॉनिडेज आत्ता इथे आहे का, किती कुप्या आहेत?’ चांगला डॉक्टर चिडत नाही. तो फ्रिज उघडून दाखवतो, एक्स्पायरी दाखवतो, रात्रीचा नंबर देतो, नजरेचं काही झालं तर कोणत्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो ते सांगतो. ‘माझ्या हातून असं कधी झालेलं नाही’ हे उत्तर नव्हे. पुरेसं काम केलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी अडचण पाहिलेली असते. सुईऐवजी बोथट टोकाची नळी, कॅन्युला, वापरतो म्हणून धोका नाही, असंही सांगतील. धोका कमी होतो, शून्य होत नाही.

औषधाबद्दल थोडक्यात. फिलर आपल्याकडे वैद्यकीय उपकरण म्हणून नियंत्रित होतं. बाहेरून आलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात परवान्याचा क्रमांक, एमआरपी, लॉट नंबर आणि मुदत छापलेली हवी. सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. आत लॉट नंबरचे स्टिकर असतात, त्यातला एक फाइलवर लागतो, एक तुम्ही घ्या. पक्की पावती घ्या, तीवर कंपनीचं नाव आणि किती एमएल ते लिहिलेलं. ‘कोरियन आहे, त्याहून भारी’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोरियन वाईट नसतं, पण बिनपरवान्याचं कुठलंही वाईट. आणि फक्त हायल्युरॉनिक ॲसिडचंच घ्या. कायमस्वरूपी, ‘एकदाच करा, आयुष्यभर बघायला नको’ असं काहीही नको, टोचायचं द्रवरूप सिलिकॉन तर अजिबात नको. त्यांना उतारा नाही. सुईविना पेनने फिलर मारतात तेही नको. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्येच त्या पेनांविरुद्ध इशारा दिला होता. दाब किती आणि जेल कुठे गेलं, यावर कोणाचाच ताबा राहत नाही.

तुमच्या तारखा. आज हातात अडीच महिने आहेत. आधी रक्ततपासणी, मग भेट, आणि टोचायचं असेल तर लग्नाच्या निदान दीड महिना आधी. म्हणजे सूज, डाग उतरायला आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा दाखवून कमी-जास्त करायला जागा राहील. त्या खिडकीत नाही जमलं, तर लग्न होऊ द्या आणि मग बघा. लग्नाच्या आधीच्या महिन्यात चेहऱ्यावर कुठलाही नवा प्रयोग नाही, अगदी नवीन फेशियलसुद्धा नाही. टोचल्यावर पहिले दोन आठवडे मसाज, वाफ, चोळणं बंद. हळदीला करवल्या नवरीच्या आईलाही सोडत नाहीत, हे लक्षात ठेवून तारीख काढा. दाताचं काही काम राहिलं असेल, रूट कॅनाल वगैरे, तर ते आधी उरका आणि मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. ताप, मोठा सर्दी-खोकला, चेहऱ्यावर पिकलेला फोड असेल त्या दिवशी टोचून घ्यायचं नाही. ओठावर पाण्याचे फोड (हर्पिस) उठण्याची सवय असेल तर डॉक्टरला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरला विचारा. फिश ऑइलसारख्या कॅप्सूल घेत असाल तर तेही सांगा, डाग जास्त पडतात.

आता यजमान. त्यांना सांगायचं, कारण त्या रात्री घरात दुसरे डोळे हवेत. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर कातडी पांढरी पडलेली पटकन कळत नाही, स्वतःला तर नाहीच. त्यांना शिकवा: टोचलेल्या जागेच्या आसपास बोटाने दाबून सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते दुसऱ्या गालाशी ताडून बघायचं. तीन-चार सेकंद लागत असतील, कळ वाढत असेल, जांभळी जाळी दिसत असेल, तर फोन आणि गाडी. अंधुक दिसायला लागलं, एका डोळ्यापुढे पडदा आला, पापणी पडली, बोलणं अडखळलं, एका बाजूला मुंग्या आल्या, तर फोनची वाट न बघता सरळ मोठं रुग्णालय, आणि दारातच सांगायचं की चेहऱ्यात फिलर टोचलंय, अमक्या वाजता. हे त्यांना समजावून सांगाल तेव्हा ‘थेरं’ हा शब्द गळून पडेल, किंवा ते तुम्हाला नकोच म्हणतील. दोन्हींपैकी जे होईल त्यावर निदान तुम्ही समोरासमोर बोललेला असाल.

आणि नाही केलं तर? माझ्या मते तुमचं निम्मं काम हिमोग्लोबिन, झोप आणि जरा जाड काड्यांचा चष्मा करेल. चष्मा वापरत असाल तर फ्रेमची खालची कड खळग्यावर बसेल अशी निवडा. हे मी थट्टेने म्हणत नाही, करून बघा. मेकअप करणारी मुलगी चांगली असेल तर लग्नाच्या दिवशीचा प्रश्न तीच सोडवेल, आणि फोटोग्राफरला बजावून ठेवा की दुपारी बाराच्या उन्हात वधूच्या आईचा फोटो काढायचा नाही.

भेटीला जाल तेव्हा चेहऱ्यावर काहीही न लावता जा. वजन वाढायच्या आधीचा, दहाएक वर्षांपूर्वीचा एक साधा फोटो सोबत घ्या, चालू गोळ्यांची यादी आणि रक्ताचे रिपोर्टही. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. त्याच दिवशी टोचून घेऊ नका, ऑफर त्याच दिवसापुरती असली तरी.